सँ-दनीचे ऑलिम्पिक जलतरण केंद्र: छताच्या आकारातून सुरू होणारा ऊर्जेचा हिशोब

पॅरिसच्या उत्तरेला सँ-दनी येथे, स्ताद द फ्रान्स या मैदानासमोर उभे असलेले जलतरण केंद्र हे २०२४ च्या ऑलिम्पिकसाठी नव्याने बांधलेल्या मोजक्या कायमस्वरूपी क्रीडावास्तूंपैकी एक आहे. मेट्रोपोल द्यू ग्राँ पारी या महानगर प्राधिकरणाने ते उभारून घेतले, आम्सटरडॅमच्या व्हेनहूव्हेन सीएस आणि पॅरिसच्या आतलिए २/३/४ या वास्तुविशारद कार्यालयांनी त्याचा आराखडा केला आणि बांधणीपासून पुढील अनेक वर्षांच्या संचालनापर्यंतची जबाबदारी बुईग कंपनीच्या नेतृत्वाखालील एका समूहाकडे सोपवण्यात आली. एप्रिल २०२४ मध्ये त्याचे उद्घाटन झाले, स्पर्धेत तेथे सूर मारण्याच्या, कलात्मक जलतरणाच्या आणि वॉटर पोलोच्या प्राथमिक फेरीच्या लढती झाल्या आणि जून २०२५ मध्ये ते सर्वसामान्यांसाठी खुले झाले. खर्च साधारण १८ कोटी युरोच्या आसपास गेला.

या वास्तूविषयी बोलताना छतावरची सौरपॅनेले आणि बाटल्यांच्या झाकणांपासून केलेली आसने यांचा उल्लेख हमखास होतो, कारण त्या दोन्ही गोष्टी छायाचित्रात नीट दिसतात. प्रत्यक्षात तिच्या पर्यावरणीय कामगिरीचा मोठा भाग ही उपकरणे निवडण्याच्या कितीतरी आधी, म्हणजे इमारत किती मोठी असावी, तिच्या आत हवा किती असावी आणि पाण्याचा उघडा पृष्ठभाग किती असावा हे ठरत असतानाच निश्चित झाला होता, असे या प्रकरणाचा अभ्यास करताना दिसते.

आकारमानाचा निर्णय

तुलनेसाठी लंडनचे उदाहरण घेणे योग्य ठरते. २०१२ च्या स्पर्धेसाठी झाहा हदीद यांनी रचलेल्या जलतरण केंद्रात स्पर्धेच्या काळात सुमारे १७,५०० प्रेक्षकांची सोय होती. त्यासाठी मुख्य इमारतीच्या दोन्ही बाजूंना तात्पुरते पंख जोडले होते, ते नंतर उतरवण्यात आले आणि कायमची आसने २,८०० च्या आसपास उरली. छताचे पोलादच सुमारे ३,००० टनांचे होते. वास्तू देखणी आहे याबद्दल वाद नाही, परंतु काही दिवसांच्या प्रेक्षकसंख्येसाठी केलेली रचना पुढची पन्नास वर्षे वापरायच्या इमारतीला कसा आकार देते, याचेही ते उदाहरण आहे.

सँ-दनीमध्ये आसनांची संख्या स्पर्धेच्या वेळी सुमारे ५,००० आणि नंतर २,५०० अशी ठेवण्यात आली. शर्यतींच्या पोहण्याला, म्हणजे सर्वाधिक प्रेक्षक खेचणाऱ्या प्रकाराला, एवढ्या आसनांत बसवणे शक्य नव्हते, म्हणून तो प्रकार नान्तेर येथील ला देफॉन्स अरीना या अगोदरच असलेल्या बंदिस्त मैदानात हलवण्यात आला आणि तेथे तात्पुरते तलाव बसवले गेले. या निर्णयामागे अंदाजपत्रकाचा ताण होता, हे लपवण्याचे कारण नाही. पर्यावरणाच्या अनेक चांगल्या निर्णयांमागे असाच एखादा हिशेबनीस असतो. मात्र ताळेबंद मांडताना तात्पुरत्या तलावांचे साहित्य, वाहतूक आणि काही आठवड्यांची ऊर्जा त्याच खात्यात धरली पाहिजे, नाहीतर एका इमारतीचा भार दुसऱ्या पत्त्यावर टाकून पहिली हलकी दाखवल्यासारखे होईल. तसे धरूनही पारडे लहान इमारतीच्याच बाजूने झुकते, कारण तात्पुरत्या तलावांचा भार एकदाच पडतो आणि अवाढव्य कायमच्या सभागृहाचा भार दर हिवाळ्यात पडत राहतो.

तलावांच्या रचनेतही हाच विचार आहे. पोहणे, वॉटर पोलो आणि सूर मारणे यांसाठी वेगवेगळे तलाव खोदण्याऐवजी सरकत्या भिंती आणि वरखाली होणारे तळ वापरून एकाच मुख्य तलावाचे गरजेनुसार भाग पाडता येतात. सकाळी शाळकरी मुलांसाठी तळ वर आणून उथळ पाणी करायचे आणि संध्याकाळी तोच भाग क्लबच्या सरावासाठी खोल करायचा, अशी ही सोय आहे. यात सरकत्या भागांची देखभाल वाढते, त्यांच्या सांध्यांत घाण साचते आणि ती काढण्यासाठी वेळ राखून ठेवावा लागतो, परंतु पाण्याचा एकूण पृष्ठभाग कमी राहतो आणि बंदिस्त तलावात पृष्ठभागाइतकी महाग दुसरी कोणतीच गोष्ट नसते.

पृष्ठभाग महाग का असतो

बंदिस्त तलावाच्या ऊर्जेचा विषय नेहमीच्या इमारतीपेक्षा वेगळा आहे. कार्यालयात किंवा घरात उष्णता भिंती, खिडक्या आणि फटींतून बाहेर जाते, तर तलावाच्या सभागृहात ती प्रामुख्याने पाण्याच्या वाफेबरोबर जाते. साधारण २८ अंश सेल्सिअसच्या पाण्यातील एक लिटर पाणी उडून जाताना सुमारे ०.६८ किलोवॅट-तास ऊर्जा घेऊन जाते. तेवढ्याच ऊर्जेत सुमारे ७० घनमीटर हवा शून्य अंशावरून २८ अंशांपर्यंत तापवता येते. माणसे पोहत असताना, पाणी हिंदकळत असताना आणि ओल्या काठांवरून वावर चालू असताना बाष्पीभवनाचा वेग शांत पाण्याच्या कित्येक पट होतो. उडालेली वाफ सभागृहात साठू दिली तर थंड पृष्ठभागांवर पाणी सुटते, म्हणून ती हवेबरोबर बाहेर काढावी लागते आणि त्या हवेच्या जागी बाहेरची थंड, कोरडी हवा आत घेऊन तापवावी लागते.

या साखळीमुळे काही नियम जगभर सारखेच पाळले जातात. हवेचे तापमान पाण्यापेक्षा एक-दोन अंशांनी जास्त आणि सापेक्ष आर्द्रता साधारण ५० ते ६० टक्क्यांच्या दरम्यान ठेवतात, कारण हवा जेवढी कोरडी तेवढे पाणी जोराने उडते. हिवाळ्यात आर्द्रता किती वर नेता येईल हे यंत्रावर कमी आणि काचेच्या आतल्या बाजूच्या तापमानावर अधिक अवलंबून असते. काच आतून उबदार राहिली तर आर्द्रता थोडी वाढवली तरी दव धरत नाही, बाष्पीभवन कमी होते आणि बाहेर फेकायची हवाही कमी होते. म्हणजे तलावाच्या इमारतीत चांगल्या काचेचा आणि चांगल्या उष्णतारोधनाचा फायदा दोनदा मिळतो: एकदा भिंतीतून जाणारी उष्णता वाचते आणि दुसऱ्यांदा पाण्यातून उडणारी.

झुलते छत

आता छताकडे वळू. बाहेरून पाहिले तर या इमारतीचे छत मध्यभागी खाली आणि कडांना वर गेलेले, दोन टोकांना बांधलेल्या दोरीसारखे दिसते. प्रेक्षागारांच्या वरच्या ओळींना डोक्यावर जागा लागते, सूर मारण्याच्या दहा मीटरच्या मनोऱ्याच्या वरही किमान चार मीटर मोकळी उंची नियमाने ठेवावी लागते, पण उरलेल्या पाण्यावर तेवढ्या उंचीचा काही उपयोग नसतो. वास्तुविशारदांनी छताची वक्ररेषा प्रेक्षकांच्या दृष्टिरेषांना आणि लागणाऱ्या किमान उंचीला धरून आखली, त्यामुळे घुमटासारख्या फुगलेल्या छताच्या मानाने आतल्या हवेचे घनफळ बरेच कमी झाले.

येथे थोडी सावधगिरी आवश्यक आहे. घनफळ घटले म्हणून ऊर्जाही त्याच प्रमाणात घटली, असे म्हणणे बरोबर नाही. वर दिलेल्या आकड्यांवरूनच दिसते की नुसती हवा तापवायला फारशी ऊर्जा लागत नाही. लाभ होतो तो वळसा घेऊन. छताचे आणि भिंतींचे क्षेत्रफळ कमी होते, उबदार हवा उंच जाऊन निरुपयोगी जागी साठण्याचे प्रमाण घटते, आणि पंख्यांना कमी हवा कमी अंतर ढकलावी लागते. हे सगळे दररोज चोवीस तास चालणारे खर्च असल्यामुळे त्यांतील लहानसा फरकही वर्षाअखेर मोठा दिसतो.

या आकाराचा दुसरा लाभ बांधकामाच्या साहित्यात झाला. सुमारे ९० मीटरचे अंतर साध्या सरळ लाकडी तुळयांनी झाकायचे असते, तर त्या चार ते पाच मीटर उंचीच्या कराव्या लागल्या असत्या. येथे फळ्या चिकटवून केलेल्या लाकडाच्या तुळया टांगलेल्या स्थितीत आहेत. त्यांच्यावर वाकण्याचा ताण कमी आणि ओढीचा ताण जास्त येतो. ओढल्या जाणाऱ्या घटकाला दाबाखाली बाजूला वाकून निकामी होण्याची भीती नसते, त्यामुळे त्याच्या जवळपास संपूर्ण छेदाकडून काम करून घेता येते. परिणामी या तुळयांची उंची अर्ध्या मीटरच्या आसपास राहिली आणि छताची जाडीही एकंदर इमारतीच्या उंचीत फारशी भर घालत नाही. हे लाकूडकाम आल्सासमधील मातिस या कंपनीने केले.

अर्थात ओढ कुठेतरी धरून ठेवावी लागतेच. टांगलेल्या छताच्या दोन्ही टोकांना आतल्या बाजूने खेचणारे मोठे बल निर्माण होते आणि ते जमिनीपर्यंत नेण्यासाठी भक्कम आधार लागतात, म्हणजे छतात वाचवलेल्या साहित्याचा काही भाग कडांना परत द्यावा लागतो. शिवाय असे छत हलके असल्याने वाऱ्याच्या उचलीला तोंड देण्यासाठी त्याला पुरेसे वजन किंवा कडकपणा हवा. पावसाचे पाणी नेमके मध्यभागी गोळा होत असल्याने निचऱ्यात कसूर झाली तर ते पाणी स्वतःच्या वजनाने छत आणखी खाली ओढते आणि आणखी पाणी गोळा करते. म्हणून टांगलेल्या छताच्या आराखड्यात पन्हळी आणि निचऱ्याची नळी यांना तुळयांइतकेच महत्त्व द्यावे लागते, जरी सादरीकरणाच्या चित्रांत त्यांना जागा मिळत नाही.

लाकूड निवडण्यामागे कार्बनइतकेच आणखी एक कारण आहे आणि ते तलावाच्या धंद्यातील लोकांना चांगले माहीत असते. क्लोरिनयुक्त दमट हवेत पोलाद टिकत नाही. १९८५ मध्ये स्वित्झर्लंडमधील उस्टर येथे एका तलावाचे टांगलेले काँक्रीटचे छत कोसळून १२ जण मृत्युमुखी पडले. छत पेलणारे स्टेनलेस स्टीलचे दांडे, जे गंजणार नाहीत असे गृहीत धरले होते, क्लोराइडमुळे आतून तडकत गेले होते. लाकडाला क्लोराइडचा असा धोका नसतो. जोडांतले धातूचे भाग मात्र पोलादाचेच असतात, आणि त्यांची प्रत व त्यांची नियमित तपासणी हा लाकडी छतातला सर्वांत नाजूक मुद्दा राहतो.

पाणी, क्लोरिन आणि नाकापर्यंतची हवा

पोहणाऱ्याचे नाक पाण्याच्या पृष्ठभागापासून काही सेंटिमीटरवर असते. क्लोरिनची घाम आणि लघवीतील नायट्रोजनयुक्त द्रव्यांशी क्रिया होऊन तयार होणारा ट्रायक्लोरामाइन हा वायू हवेपेक्षा जड असल्याने नेमक्या त्याच थरात साचतो. तलावाचा म्हणून ओळखला जाणारा तो उग्र वास क्लोरिनचा नसून प्रामुख्याने या संयुगांचा असतो. त्यामुळे ऊर्जा वाचवण्यासाठी हवेचे चक्र फार मंद केले तर त्याची किंमत पोहणाऱ्यांच्या, विशेषतः दिवसभर काठावर उभ्या असलेल्या प्रशिक्षकांच्या फुप्फुसांना चुकवावी लागते. हवेची गुणवत्ता आणि ऊर्जेची बचत यांतला हा ताण कोणत्याही तलावात पूर्ण सुटत नाही. पोहण्यापूर्वी साबणाने आंघोळ करण्याची सक्ती हा त्यावरचा सर्वांत स्वस्त उपाय आहे आणि तो इमारतीच्या आराखड्यात नव्हे तर तिच्या शिस्तीत असतो.

फ्रान्समध्ये याला एक कायदेशीर बाजूही आहे. तेथील नियमांनुसार प्रत्येक पोहणाऱ्यामागे दररोज किमान ३० लिटर ताजे पाणी तलावात मिसळावे लागते. नळाचे पाणी १२ अंशांचे आणि तलावाचे २८ अंशांचे धरले तर एका माणसामागे सुमारे ०.५६ किलोवॅट-तास उष्णता फक्त या पाण्याला लागते, आणि तेवढेच कोमट पाणी गटारात जाते. वास्तुविशारदांच्या सांगण्यानुसार सँ-दनीच्या केंद्रात अशा पाण्यापैकी निम्मे पुन्हा वापरात आणण्याची योजना आहे. स्वच्छतागृहे, जमीन धुणे, बागेला पाणी देणे अशा कामांना पिण्याच्या दर्जाचे पाणी लागत नाही, म्हणून हे शक्य होते. गटारात जाण्यापूर्वी त्या पाण्यातली उष्णता उष्माविनिमयकातून काढून आत येणाऱ्या थंड पाण्याला देणे ही त्याहून साधी सुधारणा असून ती कोणत्याही जुन्या तलावालाही करता येते.

उष्णता शेजाऱ्याकडून, वीज छतावरून

सँ-दनीतच इक्विनिक्स कंपनीचे पीए१० हे डेटा सेंटर आहे. सर्व्हरना थंड ठेवताना बाहेर पडणारी उष्णता तेथे हवेत सोडून देण्याऐवजी परिसराच्या उष्णतावाहिनीत घातली जाते आणि जलतरण केंद्राला ती मिळते. सर्व्हरकडून येणारे पाणी जेमतेम कोमट असते, ते हीट पंपाने, म्हणजे विजेच्या मदतीने उष्णता वरच्या तापमानाला नेणाऱ्या यंत्राने, वापरण्याजोग्या तापमानाला आणावे लागते. तलाव हा अशा उष्णतेचा आदर्श ग्राहक आहे, कारण त्याला ८० अंशांचे पाणी लागत नाही, २८ अंशांचे लागते, आणि ते वर्षभर, रात्रंदिवस लागते. पुरवणाऱ्याचा आणि घेणाऱ्याचा दैनंदिन आलेख एवढा जुळतो असे शेजारी नगररचनेत क्वचितच सापडतात. अवलंबित्वाचा धोका मात्र राहतो: डेटा सेंटरचे तंत्र काही वर्षांत बदलते, इमारत पन्नास वर्षांसाठी असते, आणि सर्व्हर हलले तर उष्णतावाहिनीला दुसरा स्रोत शोधावा लागतो. वैयक्तिक बॉयलरऐवजी सामायिक वाहिनीवर असण्याचा फायदा तेव्हा कळतो, कारण स्रोत बदलला तरी इमारतीच्या आतले नळ बदलावे लागत नाहीत.

छतावर सुमारे ४,६८० चौरस मीटर सौरपॅनेले आहेत. आजच्या पॅनेलची क्षमता प्रति चौरस मीटर सुमारे २०० वॅट धरली तर एकूण क्षमता ०.९ मेगावॅटच्या आसपास येते आणि पॅरिसच्या उन्हात त्यातून वर्षाला साधारण ९ ते १० लाख किलोवॅट-तास वीज मिळायला हवी. वास्तुविशारद कार्यालयाने सांगितलेला अंदाज, म्हणजे सुमारे २०० घरांच्या वापराइतकी वीज आणि केंद्राच्या गरजेचा साधारण चौथा हिस्सा, या हिशोबाशी जुळतो. तो चौथाच हिस्सा आहे हे लक्षात घेतले तर छतभर पॅनेले बसवूनही बंदिस्त तलाव स्वतःच्या विजेवर चालत नाही, हे स्पष्ट होते. समाधानाची बाब एवढीच की गाळणीचे पंप आणि पंखे अखंड चालू असल्याने दुपारी तयार झालेली वीज जवळपास सगळी तिथल्या तिथे खपते.

आसने आणि पूल

प्रेक्षागाराची आसने ल पाव्हे या कंपनीने पुनर्वापरित प्लास्टिकपासून बनवली आणि झाकणे गोळा करण्यात स्थानिक शाळांतील मुलांनी भाग घेतला. पॅरिसमधील पोर्त द ला शापेल येथील ऑलिम्पिकच्या बंदिस्त अरीनासह दोन्ही ठिकाणची मिळून सुमारे ११,००० आसने आणि १०० टन प्लास्टिक, असा तो व्यवहार आहे. ९० मीटरच्या छताच्या तुलनेत हे वजन किरकोळ आहे. त्याचे मोल शिक्षणाच्या खात्यात मोठे आणि कार्बनच्या खात्यात लहान आहे, एवढे वेगळे ठेवले की पुरे.

केंद्र आणि स्ताद द फ्रान्स यांच्यामधून ए१ हा द्रुतगती मार्ग जातो. त्यावरून पादचारी आणि सायकलस्वारांसाठी पूल बांधला आहे. चारचाकीशिवाय पोहोचता येणे हा या वास्तूचा मोठा गुण आहे, तर द्रुतगती मार्गाचा शेजार हा तिचा जन्मजात दोष आहे, कारण सभागृहाला लागणारी ताजी हवा त्याच परिसरातून घ्यावी लागते. अशा जागी हवा आत घेण्याची तोंडे रस्त्यापासून दूर ठेवणे आणि गाळण्या वेळेवर बदलणे यांना तितकेच महत्त्व आहे, आणि जास्त सूक्ष्म गाळणीमुळे पंख्यांची वीज वाढते ती हिशोबात धरावी लागते.

वापराच्या मोजमापाबद्दल

सेन-सँ-दनी हा फ्रान्समधील तलावांची सर्वाधिक टंचाई असलेला जिल्हा मानला जातो. तेथे माध्यमिक शाळेत प्रवेश करणाऱ्या दर दोन मुलांपैकी एकाला पोहता येत नाही, ही बाब या केंद्राच्या समर्थनार्थ वारंवार मांडली गेली. त्यामुळे त्याची कामगिरी दर चौरस मीटर जमिनीमागे मोजणे दिशाभूल करणारे ठरेल. रिकामा तलाव या मापात नेहमी उत्तम दिसतो: पाणी शांत, बाष्पीभवन कमी, आंघोळीचे गरम पाणी नाही, ताज्या पाण्याची सक्तीही नगण्य. शाळेच्या बसमधून मुले उतरू लागली की प्रत्येक आकडा वाढतो, गाळण्यांवर ताण येतो आणि हवा जास्त वेळा बदलावी लागते. म्हणून दर पोहणाऱ्यामागे किती किलोवॅट-तास आणि किती लिटर, तसेच दर चौरस मीटर पाण्याच्या पृष्ठभागामागे वर्षाला किती ऊर्जा, ही दोन मापे शेजारी शेजारी ठेवावी लागतात. दुसऱ्यात इमारतीची गुणवत्ता दिसते, पहिल्यात तिचा उपयोग. बांधणारा आणि चालवणारा समूह एकच असल्याने हे मोजमाप ठेवणे येथे तुलनेने सोपे आहे, कारण पंप चुकीच्या वेगाने चालला किंवा आर्द्रतेची मर्यादा रात्री बदलायची राहून गेली, तर बिल त्याच समूहाच्या टेबलावर येते. महानगर प्राधिकरणाने हे आकडे दरमहा मागून घ्यावेत आणि त्यांच्यासोबत त्या महिन्यात पोहून गेलेल्या शाळकरी मुलांची संख्या त्याच तक्त्यात छापायला लावावी.